ग्रब बसत नाहीये? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे क्रमाने तपासा

लिनक्स इन्स्टॉल करताना अगदी शेवटी ग्रब हा बूटलोडर (मशीन सुरू होताना सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) बसतो. तिथेच ‘अनेबल टू इन्स्टॉल ग्रब’ किंवा ‘ग्रब-इन्स्टॉल फेल्ड, धिस इज अ फेटल एरर’ असा संदेश आला की बहुतेकजण एकच गोष्ट करतात. सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल. तासाभराने तोच संदेश. मग पेनड्राइव्ह बदलतात, डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलतात आणि शेवटी ‘या लॅपटॉपवर लिनक्स चालतच नाही’ असं ठरवून मोकळे होतात.

हा संदेश आला तेव्हा तुमची सिस्टिम बहुतेक वेळा डिस्कवर पूर्ण उतरलेली असते. अडलेला असतो तो फक्त बूटलोडर, आणि तो अडण्याचं कारण इन्स्टॉलर सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं: पेनड्राइव्ह कोणत्या मोडमध्ये बूट झाला आणि डिस्कवर विभागणी कशी आहे. ते न बदलता दहा वेळा इन्स्टॉल केलंत तरी उत्तर तेच येणार.

हा लेख ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर असलेल्या लॅपटॉप-डेस्कटॉपसाठी आहे. उदाहरणं उबंटू, लिनक्स मिंट आणि डेबियनची आहेत. फेडोराचं जिथे वेगळं आहे तिथे सांगितलं आहे.

कमांड इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा. आडव्या रेघा, तिरक्या रेघा आणि मोकळ्या जागा दाखवल्या आहेत तशाच ठेवा. मोठी अक्षरं लागतील तिथे तसं लिहिलं आहे.

टप्पा १: कशालाही हात लावण्याआधी

एररची खिडकी बंद करू नका. मोबाइलवर तिचा फोटो काढा, पूर्ण मजकूर दिसेल असा. मग लाइव्ह सेशनमध्येच (पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्येच) टर्मिनल उघडा. मशीन रीस्टार्ट करण्याची घाई नको, कारण इन्स्टॉलरचा लॉग मेमरीत असतो आणि रीस्टार्ट केलं की जातो. उबंटू-मिंटमध्ये /व्हार/लॉग/सिसलॉग या फाइलच्या शेवटच्या शंभरेक ओळी दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा फोटोत जपून ठेवल्या की पुरतं. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये ऑल्ट आणि एफ४ दाबलं की लॉग दिसतो. टेक्स्टऐवजी ग्राफिकल इन्स्टॉलर असेल तर कंट्रोलही सोबत दाबा. खिडकीतला संदेश एवढंच सांगतो की ग्रब बसला नाही. का बसला नाही, ते लॉगमध्ये त्याच्या दोन-चार ओळी वर लिहिलेलं असतं.

त्याच मशीनवर विंडोज असेल तर आणखी तीन कामं.

पहिलं म्हणजे बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) रिकव्हरी की. ‘मी बिटलॉकर कधी लावलाच नाही’ असं म्हणू नका. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट (सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सोय) बदललात की विंडोज ४८ आकडी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आधी शोधा, कागदावर लिहून ठेवा.

दुसरं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि त्याची पार्टिशनं (डिस्कचे भाग) कुलूप लावल्यासारखी राहतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ दिलं की हायबरनेशनसकट ते बंद होतं.

तिसरं, महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे.

चार्जर लावलेला ठेवा. डेस्कटॉप असेल आणि लाइटचा भरवसा नसेल तर यूपीएसशिवाय पार्टिशनांना हात लावू नका.

टप्पा २: तुम्ही कोणत्या मोडमध्ये बूट झाला आहात?

संगणक दोन पद्धतीने बूट होतो: जुनी बायोस पद्धत, जिला लेगसी किंवा सीएसएम म्हणतात, आणि नवी यूईएफआय. ग्रबच्या बऱ्याच तक्रारी इथेच सुटतात, कारण डिस्क एका पद्धतीची आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीने बूट झालेला असतो. लाइव्ह सेशनच्या टर्मिनलमध्ये हे द्या:

एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय

फाइलींची यादी आली तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं तर लेगसीमध्ये.

आता बूट मेनू नीट बघा. मशीन सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप ही की सहसा चालते. एसरवरही एफ१२, पण तिथे बायोस सेटअपमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बूट मेनू आधी चालू करावा लागतो. मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो. एका ओळीत कंपनीचं नाव आणि क्षमता, दुसऱ्या ओळीत तेच नाव, फक्त सुरुवातीला ‘यूईएफआय:’ असं लिहिलेलं. घाईत पहिली ओळ निवडली जाते आणि ती लेगसीची निघते. विंडोज १० किंवा ११ सोबत आलेला लॅपटॉप असेल तर तुम्हाला जवळजवळ नेहमीच ‘यूईएफआय:’वाली ओळ हवी असते.

ती ओळ दिसतच नसेल तर पेनड्राइव्ह चुकीचा बनला आहे. रूफसमध्ये (पेनड्राइव्ह बनवण्याचा विंडोजवरचा प्रोग्राम) ‘टार्गेट सिस्टिम’ यूईएफआय आहे ना ते बघून पुन्हा बनवा.

*तपासणी:* विंडोज कोणत्या मोडमध्ये आहे हे विंडोजमधून ‘एमएसइन्फो३२’ चालवून ‘बायोस मोड’ या ओळीत कळतं. लिनक्सही त्याच मोडमध्ये हवं. एक लेगसीत आणि एक यूईएफआयमध्ये असं ठेवलंत तर ग्रबच्या मेनूतून विंडोज कधीच सुरू होणार नाही.

*इशारा:* मोड जुळत नाही म्हणून बायोसमध्ये जाऊन विंडोजवाल्या मशीनचा मोड बदलू नका. त्याने विंडोजही बूट होणं थांबतं. पेनड्राइव्हचा मोड बदला.

टप्पा ३: डिस्कची मांडणी वाचा

एलएसबीएलके -एफ
सुडो पार्टेड -एल

पहिल्या कमांडने कोणत्या पार्टिशनवर कोणती फाइल सिस्टिम आहे ते कळतं, दुसरीने डिस्कवरची पार्टिशन टेबल, म्हणजे विभागणीची नोंद, नव्या जीपीटी पद्धतीची आहे की जुन्या एमबीआर. पार्टेड एमबीआरला ‘एमएसडॉस’ म्हणतो, गोंधळू नका.

नावांवर थोडं थांबा, कारण इथली चूक महागात पडते. एसडीए ही अख्खी डिस्क, एसडीए१ हे तिचं पहिलं पार्टिशन. एनव्हीएमई एसएसडी असेल तर डिस्क असते एनव्हीएमई०एन१ आणि पार्टिशन असतं एनव्हीएमई०एन१पी१. शेवटच्या ‘पी’नंतरचा आकडा तेवढा पार्टिशनचा. आणि एसडीए-एसडीबी ही नावं दर बूटला तीच राहतील याची खात्री नसते. काल जी एसडीए होती ती आज पेनड्राइव्ह असू शकते. नावावर न जाता दर वेळी क्षमता आणि मॉडेल बघून डिस्क ओळखा.

आता जोडी जुळवा. नेहमी वापरात येणाऱ्या जोड्या तीन आहेत.

यूईएफआय मोड असेल तर जीपीटी डिस्क आणि तिच्यावर ईएफआय सिस्टिम पार्टिशन, म्हणजे ईएसपी. ते फॅट३२ असावं लागतं आणि पार्टेडच्या यादीत त्यापुढे ‘बूट, ईएसपी’ असे फ्लॅग दिसतात.

लेगसी मोड आणि एमबीआर डिस्क असेल तर वेगळं पार्टिशन लागत नाही. ग्रब डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये आणि पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत बसतो. आजकाल पहिलं पार्टिशन १ एमआयबीवर सुरू होतं, त्यामुळे जागा भरपूर असते. जुन्या डिस्कवर ते सेक्टर ६३ वर सुरू झालेलं असेल तर ‘एम्बेडिंग एरिया इज अनयूज्वली स्मॉल’ अशी तक्रार येऊ शकते.

लेगसी मोड आणि जीपीटी डिस्क अशी जोडी असेल तर १ एमआयबीचं, फॉरमॅट न केलेलं ‘बायोस बूट पार्टिशन’ लागतं. २ टीबीहून मोठी डिस्क जुन्या मशीनला लावणारे इथे हमखास अडकतात, कारण एमबीआर त्याहून मोठी डिस्क पूर्ण वापरू शकत नाही म्हणून जीपीटी घेतात आणि हे छोटं पार्टिशन राहून जातं.

डिस्क यादीत दिसतच नसेल तर प्रश्न ग्रबचा नाही. इंटेलच्या मशीनवर बायोसमध्ये साटाचा (डिस्क जोडणीचा) मोड ‘रेड’, ‘आरएसटी’ किंवा ‘व्हीएमडी’ असू शकतो. तो ‘एएचसीआय’ करावा लागतो, पण थेट बदललात तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा (‘एमएसकॉन्फिग’मधला ‘बूट’ टॅब), मग बायोसमध्ये बदल करा, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उघडू द्या आणि सेफ मोडची खूण काढा. बिटलॉकरची की जवळ हवी, ती इथेच लागते.

टप्पा ४: एररची ओळ काय म्हणते?

आता टप्पा १ मधला फोटो आणि लॉग काढा.

‘धिस जीपीटी पार्टिशन लेबल कंटेन्स नो बायोस बूट पार्टिशन’ आणि पाठोपाठ ‘विल नॉट प्रोसीड विथ ब्लॉकलिस्ट्स’: तुम्ही लेगसीमध्ये बूट होऊन जीपीटी डिस्कवर ग्रब बसवताय. मशीन यूईएफआयचं असेल तर बायोस बूट पार्टिशन बनवत बसू नका. रीस्टार्ट करून ‘यूईएफआय:’वाली ओळ निवडा. मशीन खरोखर जुनं असेल तरच ते पार्टिशन बनवा. इथे ‘--फोर्स’ लावून पुढे जाण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो ऐकू नका. त्याने ग्रब बसल्यासारखा दिसतो, आणि फाइल डिस्कवर जरा हलली की बूट जातं.

‘कॅनॉट फाइंड ईएफआय डिरेक्टरी’ किंवा ‘डझन्ट लुक लाइक अ‍ॅन ईएफआय पार्टिशन’: ईएसपी नाही, माउंट झालेलं (सिस्टिमला जोडलेलं) नाही किंवा ते फॅटमध्ये फॉरमॅट केलेलं नाही. टप्पा ५.

‘ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड ऑन धिस सिस्टिम’: एक तर लाइव्ह सेशन लेगसीत आहे, किंवा सीएचरूट करताना (डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरताना) ‘सिस’ नीट जोडलेलं नाही. टप्पा २ किंवा ६.

‘फेल्ड टू गेट कॅनॉनिकल पाथ ऑफ /काऊ’ (कधी ‘ओव्हरले’, कधी ‘एअररूटएफएस’): दुरुस्ती करताना तुम्ही ग्रब-इन्स्टॉल थेट लाइव्ह सेशनमध्ये चालवलंत. तुमच्या डिस्कवरच्या सिस्टिमऐवजी पेनड्राइव्हच्या तात्पुरत्या सिस्टिमसाठी ते ग्रब बसवू पाहतंय. टप्पा ६.

‘एक्स८६_६४-ईएफआय/मॉडइन्फो.एसएच डझन्ट एक्झिस्ट’: यूईएफआयचं ग्रब पॅकेजच नाही. लेगसीसाठी ‘ग्रब-पीसी’ आणि यूईएफआयसाठी ‘ग्रब-ईएफआय-एएमडी६४’ ही वेगवेगळी पॅकेजं आहेत.

‘ग्रब-ईएफआय-एएमडी६४-साइन्ड पॅकेज फेल्ड टू इन्स्टॉल इन्टू /टार्गेट’: हा उबंटू-मिंटमधला जुना पाहुणा. बहुतेक वेळा ईएसपी निवडलेलं नसतं किंवा त्यात दोष असतो. कधी अर्ध्यात तुटलेलं वायफाय हेही कारण असतं.

‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’: दोन अर्थ. ‘कॉपी’ करताना आलं तर ईएसपी भरलंय. ‘ईएफआयबूटएमजीआर’च्या ओळीत आलं तर मदरबोर्डवरची एनव्हीरॅम (बूटच्या नोंदी ठेवणारी मेमरी) भरलीय. दुसरं असेल तर टप्पा ७.

टप्पा ५: ईएसपी ठाकठीक करा

हे काम जीपार्टेडमध्ये करा. उबंटू आणि मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्ये ते सहसा असतं, आणि डिस्कचं चित्र डोळ्यांसमोर राहतं.

१. वरच्या उजव्या कोपऱ्यातून योग्य डिस्क निवडा. क्षमता पुन्हा वाचा.

२. ईएसपी आधीच असेल आणि मशीनवर विंडोज असेल तर तेच वापरा. *फॉरमॅट करू नका.* विंडोजचा बूटलोडर त्याच्यातच राहतो. विंडोजने बनवलेलं ईएसपी बहुधा १०० एमबीचं असतं. लहान वाटतं, पण ग्रबला त्यातले थोडेच एमबी लागतात.

३. ईएसपी नसेलच तर मोकळ्या जागेत ५१२ एमबीचं फॅट३२ पार्टिशन बनवा, ‘अप्लाय’ करा आणि मग त्यावर राइट क्लिक करून ‘मॅनेज फ्लॅग्ज’मधून ‘ईएसपी’ टिक करा. फ्लॅग देण्याचं राहिलं तर फर्मवेअर (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्राम) बहुधा त्या पार्टिशनकडे ढुंकूनही बघत नाही.

४. ईएसपी भरलं असेल तर ते माउंट करून ‘ईएफआय’ फोल्डरमध्ये डोकवा. काढून टाकलेल्या जुन्या डिस्ट्रोंचे फोल्डर तिथे राहून गेलेले असतात. ते उडवायला हरकत नाही. ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि ‘बूट’ या दोन फोल्डरना हात लावू नका.

दोन डिस्क असलेल्या मशीनबद्दल वेगळं सांगायला हवं. जुन्या लॅपटॉपमध्ये नवीन २४० जीबी एसएसडी टाकतात आणि मूळची हार्डडिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत बसवतात. लिनक्स एसएसडीवर टाकलं, इन्स्टॉलरमध्ये बूटलोडरसाठी एसएसडीच निवडली, सगळं व्यवस्थित चाललं. सहा महिन्यांनी हार्डडिस्क आवाज करायला लागली म्हणून काढली आणि मशीन बूटच होईना. याचं कारण उबंटूचा जुना इन्स्टॉलर, जो मिंटने पुढेही बरीच वर्षं वापरला. यूईएफआय मोडमध्ये तो बूटलोडरसाठी काय निवडलंय याची फारशी पर्वा करत नाही. पहिल्या डिस्कवर ईएसपी सापडलं की ग्रब तिथे टाकतो. उपाय साधा आहे: इन्स्टॉल करताना दुसरी डिस्क काढून ठेवा. काढणं शक्य नसेल तर जीपार्टेडमध्ये पहिल्या डिस्कच्या ईएसपीचे ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ फ्लॅग तात्पुरते काढा, इन्स्टॉल करा, परत लावा.

जुन्या मशीनसाठी बायोस बूट पार्टिशन हवं असेल तर तेही इथेच: १ एमआयबीचं, फाइल सिस्टिम ‘अनफॉरमॅटेड’, फ्लॅग ‘बायोस_ग्रब’.

टप्पा ६: सीएचरूट करून ग्रब बसवा

पुन्हा इन्स्टॉल न करता दुरुस्ती करण्याचा हा खरा रस्ता आहे. आपण पेनड्राइव्हवरून बूट होतो, डिस्कवरची सिस्टिम जोडतो आणि तिच्या आत शिरून ग्रब बसवतो. खालच्या उदाहरणात एसडीए१ हे ईएसपी आणि एसडीए५ हे लिनक्सचं रूट पार्टिशन आहे. तुमची नावं घाला.

१. रूट जोडा:

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए५ /एमएनटी

डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर त्याआधी ‘क्रिप्टसेटअप ओपन’ने ती उघडावी लागेल, आणि एलव्हीएम असेल तर ‘सुडो व्हीजीचेंज -एवाय’. बीटीआरएफएसवर उबंटू-मिंट असेल तर माउंट करताना ‘-ओ सबव्हॉल=@’ लावा, नाहीतर तुम्हाला फक्त ‘@’ आणि ‘@होम’ असे फोल्डर दिसतील.

*तपासणी:* ‘एलएस /एमएनटी’ दिल्यावर ईटीसी, होम, यूएसआर असे ओळखीचे फोल्डर दिसले पाहिजेत. विंडोजच्या फाइली दिसल्या तर पार्टिशन चुकलं.

२. ‘बूट’साठी वेगळं पार्टिशन असेल तर ते /एमएनटी/बूट वर जोडा. मगच ईएसपी:

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय

क्रम उलटा केलात तर ईएसपी ‘बूट’च्या खाली झाकलं जातं आणि ग्रबला ते सापडत नाही. ‘ईएफआय’ फोल्डर नसेल तर ‘एमकेडीआयआर -पी’ने बनवा.

३. चालू सिस्टिमचे चार भाग आत जोडा:

सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
सुडो माउंट --आरबाइंड /प्रॉक /एमएनटी/प्रॉक
सुडो माउंट --आरबाइंड /सिस /एमएनटी/सिस
सुडो माउंट --आरबाइंड /रन /एमएनटी/रन

‘बाइंड’ आणि ‘आरबाइंड’ यात फरक आहे. ‘आर’ असेल तर सिसच्या आतलं ‘ईएफआयव्हार्स’ही सोबत येतं. ते नसेल तर फर्मवेअरमध्ये नोंद करता येत नाही. ‘रन’ जोडल्यामुळे उबंटूमध्ये आतून इंटरनेटही चालतं.

४. आत शिरा:

सुडो सीएचरूट /एमएनटी

५. यूईएफआय असेल तर, आधी पॅकेजं (शिम हा ग्रबच्या आधी चालणारा, सिक्युअर बूटला मान्य असलेला छोटा प्रोग्राम):

एपीटी अपडेट
एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल ग्रब-ईएफआय-एएमडी६४-साइन्ड शिम-साइन्ड

मग ग्रब:

ग्रब-इन्स्टॉल --टार्गेट=एक्स८६_६४-ईएफआय --ईएफआय-डिरेक्टरी=/बूट/ईएफआय

लेगसी असेल तर:

ग्रब-इन्स्टॉल --टार्गेट=आय३८६-पीसी /डेव्ह/एसडीए

लेगसीत डिस्कचं नाव द्यायचं, पार्टिशनचं नाही. एसडीए५ दिलंत की पुन्हा ब्लॉकलिस्टची तक्रार येईल. शेवटी ‘इन्स्टॉलेशन फिनिश्ड. नो एरर रिपोर्टेड.’ ही ओळ दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

‘--बूटलोडर-आयडी’ला स्वतःच्या आवडीचं नाव देण्याचा मोह आवरा. उबंटूचा सही केलेला ग्रब आपली कॉन्फिग फाइल ‘ईएफआय/उबंटू’ याच फोल्डरमध्ये शोधतो. नाव बदललंत तर तो काळ्या प्रॉम्प्टवर थांबतो. मिंटही तेच फोल्डर वापरतं, म्हणून मिंट टाकूनही बूट मेनूत ‘उबंटू’ दिसलं तर ते बरोबर आहे. आणि एकाच मशीनवर उबंटू आणि मिंट दोन्ही टाकलंत तर ते एकमेकांचा ग्रब पुसत राहतात.

६. मेनू तयार करा:

अपडेट-ग्रब

त्यात तुमच्या कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) नावं छापली गेली पाहिजेत. एकही कर्नल दिसलं नाही तर ‘बूट’ जोडायचं राहिलंय. टप्पा ६ पहिल्यापासून.

७. एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) तपासा. ही पायरी बहुतेकजण गाळतात. ईएसपी नव्याने फॉरमॅट केलं असेल तर त्याचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदललेला असतो. ‘बीएलकेआयडी’ने नवा बघा (फॅटचा यूयूआयडी छोटा असतो, चार-चार अक्षरं आणि मधे रेघ) आणि /ईटीसी/एफएसटॅब मधल्या ‘/बूट/ईएफआय’च्या ओळीत तोच आहे ना ते जुळवा. जुळत नसेल तर ग्रब छान चालेल आणि सिस्टिम दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जाईल.

८. ‘एक्झिट’ करून बाहेर या आणि रीस्टार्ट करा. आरबाइंड केलेलं एकेक सोडवत बसण्याची गरज नाही.

*फेडोरावाल्यांसाठी:* यूईएफआय मशीनवर ‘ग्रब२-इन्स्टॉल’ चालवायचं नाही. ते स्वतःच नकार देतं. सीएचरूटमधून ‘डीएनएफ रीइन्स्टॉल’ने शिम आणि ग्रब२-ईएफआयची पॅकेजं पुन्हा घाला. मेनू बनवताना फाइल /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी हीच द्या. जुन्या लेखांत ईएसपीमधल्या फेडोरा फोल्डरचा पत्ता असतो. फेडोरा ३४ पासून तिथे फक्त मूळ फाइलकडे बोट दाखवणारी छोटी फाइल असते, ती पुसून टाकू नका.

टप्पा ७: ग्रब बसला, तरी मशीन थेट विंडोजमध्ये जातंय

आता अडचण फर्मवेअरच्या यादीत आहे. यूईएफआयमध्ये पेनड्राइव्हवरून बूट होऊन:

सुडो ईएफआयबूटएमजीआर

‘बूटऑर्डर’ची ओळ बघा, उदाहरणार्थ ‘०००१, ०००३’. खाली ०००१ समोर विंडोज बूट मॅनेजर आणि ०००३ समोर उबंटू असेल, तर क्रम उलटा करा:

सुडो ईएफआयबूटएमजीआर --बूटऑर्डर ०००३,०००१

उबंटूची नोंद यादीतच नसेल तर ‘--क्रिएट’ने करता येते, पण ‘--डिस्क’ आणि ‘--पार्ट’ न विसरता द्या. न दिल्यास ही कमांड एसडीए डिस्कचं पहिलं पार्टिशन गृहीत धरते, आणि तुमची डिस्क एनव्हीएमई असेल तर ती नोंद हवेत जाते.

काही मशीनचं फर्मवेअर फारच हट्टी असतं. क्रम बदला, रीस्टार्ट करा, परत विंडोज पहिलं. अशा वेळी आधी बायोस सेटअपमध्ये हाताने क्रम लावून बघा. एसरच्या काही लॅपटॉपवर बायोसला सुपरवायझर पासवर्ड लावून, शिमची फाइल ‘ट्रस्टेड’ म्हणून निवडावी लागते. त्याशिवाय तो पर्याय करडाच राहतो. मशीनवर फक्त लिनक्स असेल तर ग्रब-इन्स्टॉलला ‘--रिमूव्हेबल’ जोडून पुन्हा चालवा. त्याने ग्रब ‘ईएफआय/बूट’ फोल्डरमध्ये, फर्मवेअर नोंदीशिवायही जिथे शोधतं त्या ठिकाणी जातो. विंडोज सोबत असेल तर हा शेवटचा उपाय समजा.

एनव्हीरॅम भरल्याची तक्रार असेल तर /सिस/फर्मवेअर/ईएफआय/ईएफआयव्हार्स मध्ये ‘डंप-टाइप०’ने सुरू होणाऱ्या फाइली आहेत का बघा. त्या कर्नल क्रॅशच्या नोंदी असतात आणि काढता येतात. *त्या फोल्डरमधल्या इतर एकाही फाइलला हात लावू नका.* तिथलं सरसकट पुसल्याने मदरबोर्ड कायमचे मेल्याची उदाहरणं आहेत.

टप्पा ८: सिक्युअर बूट

सिक्युअर बूट बंद करणं हा पहिला सल्ला म्हणून दिला जातो. माझ्या मते तो शेवटी यावा. उबंटू, मिंट, डेबियन, फेडोरा या सगळ्यांचा शिम मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो आणि सिक्युअर बूट चालू ठेवून चालतो. निदान करण्यापुरतं बंद करून बघायला हरकत नाही. बंद केल्यावर बूट झालं, तर याचा अर्थ सही नसलेला ग्रब बसलाय; टप्पा ६ मधली ५ वी पायरी पुन्हा करा आणि सिक्युअर बूट परत चालू करा.

‘व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ हा संदेश मात्र वेगळा. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोज अपडेटनंतर अनेक ड्युअल-बूट मशीनवर तो आला. तुमच्या डिस्कवरचा किंवा पेनड्राइव्हवरचा शिम जुना आहे आणि फर्मवेअर त्याला आता नाकारतंय, एवढाच त्याचा अर्थ. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जाऊन हे द्या:

सुडो मॉकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट

एकदा लिनक्समध्येच रीस्टार्ट करा, शिम आणि ग्रब अपडेट करा, मग सिक्युअर बूट पुन्हा चालू. पेनड्राइव्हच नाकारला जात असेल तर डिस्ट्रोची नवीन आयएसओ उतरवा.

टप्पा ९: पहिलं बूट

मेनूत विंडोज नाही? ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणं मुळातच बंद केलेलं असतं. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब फाइलमध्ये मोठ्या अक्षरांत ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ आणि त्यापुढे लहान अक्षरांत ‘=फॉल्स’ अशी ओळ घाला, ‘ओएस-प्रोबर’ पॅकेज आहे ना ते बघा आणि अपडेट-ग्रब चालवा.

मेनूऐवजी नुसता प्रॉम्प्ट आला तर तो नीट वाचा. ‘ग्रब>’ असेल तर ग्रबला कॉन्फिग फाइल मिळाली नाही. ‘ग्रब रेस्क्यू>’ असेल तर त्याला स्वतःचे मॉड्यूलच मिळाले नाहीत. पार्टिशन हलवलं किंवा पुसलं की असं होतं. तिथून हाताने बाहेर पडता येतं. ‘एलएस’ द्या, (एचडी०,जीपीटी५) अशी नावं येतील. एकेका नावापुढे ‘/बूट/ग्रब’ लावून ‘एलएस’ करत जा. ज्याच्यात फाइली दिसतील ते तुमचं पार्टिशन. मग:

सेट रूट=(एचडी०,जीपीटी५)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

मेनू उघडेल. पण हे त्या एका बूटपुरतं आहे. आत गेल्यावर टप्पा ६ मधली ५ वी आणि ६ वी पायरी थेट तुमच्या सिस्टिममधून ‘सुडो’ लावून चालवा. आता सीएचरूटची गरज नाही.

‘सिम्बॉल ग्रब_ नॉट फाउंड’ अशी ओळ आली तर दोन डिस्कच्या मशीनवर अपडेट एका डिस्कवर झालंय आणि बूट दुसरीवरून होतंय. लेगसी मशीनवर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’ चालवा आणि ज्या डिस्कवरून बूट होता तिच्यापुढे स्पेसबारने खूण करा. खूण न करता नुसतं एंटर दाबलं तर काहीच बदलत नाही, आणि पुढच्या ग्रब अपडेटला हीच ओळ परत दिसते.